व्हिडिओ नॅस्टी, सेन्सॉरची कात्री आणि न बघताच झालेली बोंबाबोंब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भयपटांचा विषय निघाला की ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात भयपटांच्या कॅसेटवरून झालेल्या त्या भानगडीबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. रक्तपाताची वर्णनं इथे नाहीयेत, त्यामुळे घाबरट मंडळींनीही बिनधास्त वाचा.

व्हिडिओ नॅस्टी म्हणजे नक्की काय?

हा काही सिनेमाचा प्रकार नाही, हे ब्रिटिश पेपरवाल्यांनी दिलेलं नाव आहे. साधारण १९८२ ते १९८४ या काळात ब्रिटनमध्ये व्हीसीआर घराघरात पोचले आणि गल्लीबोळातली दुकानं कॅसेट भाड्याने द्यायला लागली, अगदी पेपरच्या टपरीवर आणि पेट्रोल पंपावर सुद्धा. त्यात इटालियन आणि अमेरिकन कमी बजेटचे, जरा जास्तच रक्तबंबाळ असे भयपट होते आणि त्यांनाच सरसकट 'नॅस्टी' म्हणायला लागले. यादीत उत्तम पिक्चर पण होते, बंडल पण होते आणि खरोखर किळसवाणे पण होते, सगळे एकाच पोत्यात भरले.

पण ब्रिटनला सेन्सॉर बोर्ड नव्हतं का?

होतं की, १९१२ पासून होतं. बीबीएफसी म्हणतात त्याला, म्हणजे तेव्हाचं ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म सेन्सॉर्स. पण ते फक्त थिएटरात लागणाऱ्या पिक्चरसाठी होतं, कॅसेटचा त्यात कुठेच विचार नव्हता कारण कायदे केले तेव्हा घरात पिक्चर बघता येईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यामुळे झालं काय, की थिएटरसाठी कापलेला पिक्चर कॅसेटवर अख्खा मिळायचा आणि थिएटरसाठी नाकारलेला पण मिळायचा. मोठे हॉलिवूड स्टुडिओ तेव्हा व्हिडिओच्या धंद्यात उतरायला का-कू करत होते (पायरसीची भीती), मग दुकानाच्या फळ्या भरायला छोट्या कंपन्यांनी जगभरातून स्वस्तात मिळेल तो माल उचलला. भयपट स्वस्त असतात आणि खपतात, एवढं साधं गणित आहे त्यामागे.

मग बोंब नक्की कशावरून सुरू झाली? पिक्चर बघून?

नाही हो. कव्हर बघून! हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मजेशीर वाटतं. 'द ड्रिलर किलर' नावाचा पिक्चर आहे, त्याच्या कॅसेटच्या कव्हरवर एका माणसाच्या कपाळात ड्रिल मशीन जातंय असं चित्र होतं आणि कंपनीने व्हिडिओच्या मासिकांमध्ये त्याची पानभर जाहिरात दिली. झालं, १९८२ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रारी गेल्या. आता हा पिक्चर कोणी प्रत्यक्ष बघितला तर बहुतेक वेळ न्यूयॉर्कमधला एक कफल्लक चित्रकार बिल भरायला पैसे नाहीत आणि शेजारी रॉक बँडवाले रात्रंदिवस ढोल बडवतायत म्हणून हळूहळू वेडा होत जातो, असला संथ आर्ट-फिल्म टाइप मामला आहे. रक्त आहे, नाही असं नाही, पण कव्हर बघून भाड्याने नेणारे अर्धेअधिक लोक झोपले असणार.

दुसरी एक कथा सर्रास सांगितली जाते, खरी असो नसो. 'कॅनिबल होलोकॉस्ट' विकणाऱ्या कंपनीनेच म्हणे मेरी व्हाइटहाउस बाईंना निनावी पत्र पाठवून स्वतःच्याच पिक्चरची तक्रार केली, उद्देश काय तर फुकट पब्लिसिटी. पब्लिसिटी मिळाली, पण इतकी मिळाली की धंदाच बसला.

ह्या व्हाइटहाउस बाई कोण?

आधी शाळेत शिक्षिका होत्या, साठच्या दशकापासून टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवायच्या, १९६५ मध्ये स्वतःची संघटना काढली. बाई कर्तबगार होत्या यात वाद नाही, पत्रं लिहिणं, सभा घेणं, खासदारांच्या मागे लागणं, सगळं जमायचं. पण त्यांनी टीव्हीवरच सांगून टाकलं होतं की मी यातला एकही पिक्चर बघितलेला नाही आणि आत काय आहे ते कळायला बघायची गरजही नाही. आपल्याकडे पण ट्रेलरवरून मोर्चे निघतात आणि आंदोलन करणाऱ्याला विचारलं की पिक्चर बघितला का, तर तो बघणार नाही आणि बघू देणार नाही असं उत्तर येतं, त्यामुळे हे आपल्याला काही नवीन नाही.

पेपरवाल्यांचा काय रोल होता?

मोठा. मे १९८२ मध्ये संडे टाइम्सने बाजारपेठेतला हा भयपट घरात घुसतोय असा लेख छापला, मग १९८३ मध्ये डेली मेलने बंदीची मोहीमच उघडली. रोज नवीन बातमी, अमुक गुन्हा केलेल्या पोराने तमुक कॅसेट बघितली होती वगैरे. त्याच वर्षी खासदारांना संसदेच्या इमारतीत अशा पिक्चरमधले निवडक तुकडे एकापाठोपाठ जोडून दाखवले, काही जण मध्येच उठून बाहेर गेले. साहजिक आहे. अख्ख्या पिक्चरमधला फक्त कापाकापीचा भाग सलग दाखवला तर कोणालाही मळमळेल.

ते '४० टक्के मुलांनी बघितलंय' प्रकरण काय होतं?

हे नीट सांगतो कारण यातच सगळं सार आहे. १९८३ च्या शेवटी, म्हणजे कॅसेटवरच्या नव्या कायद्याचं विधेयक (त्याबद्दल पुढे सांगतो) संसदेत असतानाच, एक अहवाल बाहेर आला. नाव भारदस्त, पार्लमेंटरी ग्रुप व्हिडिओ एन्क्वायरी, पण ती काही संसदेची अधिकृत समिती नव्हती, काही खासदार आणि चर्चशी संबंधित लोक मिळून केलेला उद्योग होता. त्यात म्हटलं होतं की सहा वर्षांच्या वरच्या मुलांपैकी साधारण ४० टक्क्यांनी एकतरी नॅस्टी बघितलाय. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत हेडलाइन, आणि आईबापांची झोप उडाली. ज्या ऑक्सफर्ड पॉलिटेक्निकच्या लोकांना घेऊन हे काम सुरू झालं होतं त्यांनीच नंतर हात झटकले, पण हेडलाइन छापून झाल्यावर कोण विचारतो.

हा आकडा आला कसा? मुलांना पिक्चरच्या नावांची यादी दिली आणि यातले कोणते बघितले त्यावर खुणा करा म्हणून सांगितलं. मग गाय कंबरबॅच आणि पॉल बेट्स या दोन संशोधकांनी काय केलं, अकरा वर्षांच्या मुलांचे वर्ग घेतले आणि तसाच फॉर्म दिला, फक्त त्यात अस्तित्वातच नसलेल्या पिक्चरची नावं टाकली, स्वतः बनवलेली. ६८ टक्के मुलांनी सांगितलं की हो, आम्ही बघितलाय!

आता ज्याने शाळेत मधल्या सुट्टीत फुशारक्या ऐकल्यात किंवा मारल्यात त्याला यात काहीच आश्चर्य वाटणार नाही. वर्गात एकाने हात वर केला की बाकीचे कसे मागे राहतील. पण कायदा करणाऱ्यांना हे सुचलं नाही, की सुचून गप्प बसले, देव जाणे.

बंदीची यादी किती मोठी होती?

सरकारी वकिलांच्या खात्याने, म्हणजे डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्यूशन्सने, यादी ठेवली होती आणि ती दर थोड्या दिवसांनी बदलायची. कधी ना कधी यादीत आलेले असे एकूण ७२ पिक्चर, त्यातल्या ३९ वर कोर्टात अश्लीलतेचा गुन्हा सिद्ध झाला आणि बाकीचे सुटले किंवा काढून टाकले. याशिवाय आणखी ८० च्या वर नावं अशी होती ज्यांच्यावर केस करायची नाही पण कॅसेट सापडली तर जप्त करायची. दुकानदाराला यातला फरक काय कळणार, पोलीस आले की माल जाणार एवढंच त्याला माहिती.

पोलीस कसे ठरवायचे कुठली कॅसेट उचलायची?

नावावरून, कव्हरवरून आणि बरंचसं मूडवरून. १९५९ चा अश्लील प्रकाशनांचा कायदा होता, त्यात कसोटी अशी की बघणाऱ्याचं मन भ्रष्ट आणि विकृत होईल का. ही कसोटी प्रत्येक गावच्या पोलिसांनी आणि प्रत्येक कोर्टाने आपापल्या परीने लावली, त्यामुळे एकाच पिक्चरला एका गावात सोडलं आणि पुढच्या गावात त्याच कॅसेटसाठी दंड. 'द बेस्ट लिटल होअरहाउस इन टेक्सस' हा डॉली पार्टनचा गाणी-नाच असलेला विनोदी पिक्चर पण नावावरून उचलून नेला होता पोलिसांनी. दुकानदार बहुतेक वेळा भांडायचेच नाहीत, वकिलाचा खर्च कॅसेटच्या किमतीपेक्षा जास्त, घेऊन जा बाबा म्हणायचे.

'द इव्हिल डेड'ची गंमत वेगळीच. हा बोर्डाने थिएटरसाठी ४९ सेकंद कापून पास केलेला पिक्चर, तीच कापलेली आवृत्ती कॅसेटवर आली, १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये धडाधड भाड्याने गेली, आणि तरीही दुकानदारांवर केसेस! म्हणजे थिएटरात चाललं ते घरात गुन्हा. २००१ मध्ये तोच पिक्चर एकही कट न लावता पास झाला.

कोणी खरंच जेलमध्ये गेलं का?

हो. 'नाइटमेअर्स इन अ डॅमेज्ड ब्रेन'चा वितरक डेव्हिड हॅमिल्टन ग्रँट याला १९८४ मध्ये तुरुंगवास झाला. थिएटरसाठी जी आवृत्ती बोर्डाने मान्य केली होती तिच्यापेक्षा कॅसेटवर थोडा जास्त भाग होता, मिनिटाच्या हिशोबातला फरक. तेवढ्यासाठी माणूस आत.

'कॅनिबल होलोकॉस्ट'मध्ये खरंच माणसं मारली होती का?

नाही नाही नाही. हा प्रश्न अजून येतो आणि येतच राहणार. १९८० चा इटालियन पिक्चर, दिग्दर्शक रुजेरो देओदातो. कथा अशी की ॲमेझॉनच्या जंगलात गेलेले डॉक्युमेंटरीवाले गायब होतात आणि त्यांची फिल्म सापडते. हातातल्या कॅमेऱ्याने घेतल्यासारखं, हलतं, खरं वाटणारं शूटिंग, जे नंतर वीस वर्षांनी सगळ्यांनी उचललं. मिलानमध्ये रिलीज झाल्यावर साधारण दहा दिवसांत कोर्टाने प्रिंट जप्त केली. आधी अश्लीलतेचा आरोप, मग लोक म्हणायला लागले की यातली नट मंडळी खरंच मेलीत.

आणि देओदातो साहेबांनी स्वतःच स्वतःसाठी खड्डा खणून ठेवला होता, कारण त्यांनी नटांकडून लिहून घेतलं होतं की एक वर्षभर कुठल्याही जाहिरातीत, टीव्हीवर, पिक्चरमध्ये दिसायचं नाही, म्हणजे प्रेक्षकांना फिल्म खरी वाटेल. आता वाटलीच की खरी! शेवटी धावपळ करून नटांना टीव्हीवर आणून बसवावं लागलं की बघा, हे जिवंत आहेत, ही बघा बोलतायत.

पण, आणि हा पण मोठा आहे, प्राणी मात्र खरे मारले होते. शूटिंगसाठी, कॅमेऱ्यासमोर. यासाठी देओदातो आणि मंडळींना निलंबित शिक्षाही झाली. ब्रिटिश बोर्डाने २०११ मध्ये हा पिक्चर पास केला तेव्हा माणसांवरचा सगळा खोटा हिंसाचार ठेवला आणि फक्त १५ सेकंद कापले, ते एका प्राण्याला मारतानाचे. ब्रिटनमध्ये शूटिंगसाठी प्राण्यांना क्रूरपणे वागवलेलं दाखवण्यावर १९३७ पासून कायदा आहे. मी एरवी कुठल्याही कटच्या विरोधात भांडतो, पण या कटबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि इथे ज्यांना आहे त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, फक्त त्यांच्या घरी कुत्रा पाळू नये एवढीच विनंती.

१९८४ च्या कायद्याने काय बदललं?

ग्रॅहम ब्राइट नावाच्या खासदाराने विधेयक आणलं, हेच ते गृहस्थ ज्यांनी मुलाखतीत ठासून सांगितलं होतं की या पिक्चरचा परिणाम मुलांवर तर होतोच पण मला वाटतं कुत्र्यांवर पण होतो. (मस्करी नाही, रेकॉर्डवर आहे.) व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज ॲक्ट १९८४ पास झाला आणि प्रत्येक कॅसेटला बोर्डाचं सर्टिफिकेट सक्तीचं झालं, विना सर्टिफिकेट विकली तर २०,००० पौंडांपर्यंत दंड. बोर्डाच्या नावातलं 'सेन्सॉर्स' काढून 'क्लासिफिकेशन' केलं ते पण त्याच वर्षी, म्हणजे सेन्सॉरची ताकद सगळ्यात जास्त वाढली त्याच वर्षी नावातून सेन्सॉर गेला. भारतात पण १९८३ मध्ये नाव बदलून 'प्रमाणन' केलं, आपण आजही सेन्सॉर बोर्डच म्हणतो ती गोष्ट वेगळी.

यात छोटे वितरक मेले. बोर्ड मिनिटांवर फी घेतं, मग दीड तासाच्या टुकार इटालियन पिक्चरसाठी एवढे पैसे कोण भरणार, आणि भरून वर नकार आला तर? मोठ्या स्टुडिओंना मोकळं रान मिळालं.

सेन्सॉरवाले स्वतः कसे लोक होते? सॉसेजचा किस्सा खरा आहे?

खरा आहे. १९७५ ते १९९९ इतकी वर्षं बोर्डाचे प्रमुख जेम्स फर्मन होते, अमेरिकन माणूस, हुशार, सुशिक्षित, आणि काही गोष्टींचं त्यांना प्रचंड वावडं. एक म्हणजे नानचाकू, कराटेवाले फिरवतात तो दोन दांड्यांना साखळी असलेला प्रकार. पोरं बघून बनवतील म्हणून कापायचे, ब्रूस लीचा पण कापला. निंजा टर्टल्सच्या दुसऱ्या पिक्चरमध्ये एक कासव सॉसेजची माळ नानचाकूसारखी गरगर फिरवतं, ती पण कापली. लहान मुलांच्या पिक्चरमधल्या खाण्याच्या वस्तूला कात्री!

दुसरं वावडं करवतीचं. पोस्टरवर चेनसॉ हा शब्द नको म्हणून एका पिक्चरने शब्दाच्या जागी करवतीचं चित्र टाकून नाव छापलं. सही जुगाड.

'टेक्सस चेनसॉ मॅसेकर' किती वर्षं बॅन होता?

१९७५ मध्ये बोर्डाने नाकारला, १९९९ मध्ये एकही कट न लावता पास केला. मधल्या काळात मात्र पूर्ण बंदी होती असं म्हणता येत नाही, कारण ब्रिटनमध्ये शेवटचा अधिकार स्थानिक कौन्सिलचा असतो, बोर्ड फक्त सल्ला देतं अशी मूळ व्यवस्था आहे. लंडनच्या कौन्सिलने १९७६ मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट देऊन दाखवला. 'द एक्झॉर्सिस्ट'च्या वेळी उलटं झालं, बोर्डाने पास केला आणि काही गावांच्या कौन्सिलने अडवला, मग लोकांनी बस करून शेजारच्या गावात जाऊन बघितला. थिएटरबाहेर धार्मिक मंडळी पत्रकं वाटतायत, आत लोकांना भोवळ येतेय, आणि तिकिटासाठी रांग वाढतच चाललीय!

टेक्ससमध्ये रक्त जवळपास दिसतच नाही हे ज्यांनी बघितलंय त्यांना माहिती आहे. फर्मननी नंतर कापून पास करता येतो का ते बघितलं, पण कापायचं काय? भीती सगळ्या पिक्चरभर पसरलेली, एका जागी असती तर कापली असती. आणि त्यांच्याबद्दल असं सांगितलं जातं की फेस्टिवलच्या प्रेक्षकांसमोर ते म्हणाले, तुमच्यासारख्या मध्यमवर्गीय सिनेरसिकांनी बघितला तर ठीक आहे हो, पण मँचेस्टरच्या कारखान्यातल्या कामगाराने बघितला तर काय?

माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. सेन्सॉरला स्वतःची काळजी कधीच नसते. स्वतः शेकडो पिक्चर बघून तो घरी जाऊन नीट जेवतो, बायकामुलांशी नीट बोलतो. बिघडणार असतो तो दुसराच कोणीतरी, कामगार, पोरगा, खेडेगावातला माणूस, आणि तो त्या खोलीत कधीच हजर नसतो, त्याला कोणी विचारत पण नाही.

१९९३ मध्ये 'चाइल्ड्स प्ले ३' बघून मुलांनी खून केला, हे खरं ना?

असं छापून आलं, सिद्ध झालं नाही. लिव्हरपूलजवळ दहा वर्षांच्या दोन मुलांनी एका दोन वर्षांच्या बाळाचा खून केला, भयानक घटना, अख्खा देश हादरला. निकाल देताना न्यायाधीश हिंसक व्हिडिओंबद्दल बोलले, आणि टॅब्लॉइड पेपरांनी एका पिक्चरचं नाव चिकटवलं कारण एका मुलाच्या वडिलांनी ती कॅसेट भाड्याने आणली होती. पोलीस तपासात त्या मुलांनी तो बघितल्याचा पुरावा मिळाला नाही. पण पेपरने कॅसेटी जाळा म्हणून मोहीम काढली आणि १९९४ मध्ये कायदा आणखी कडक झाला. लोकांना अशा वेळी काहीतरी कारण हवं असतं हे मी समजू शकतो, दहा वर्षांची मुलं असं का करतील याचं उत्तर कोणाकडेच नसतं आणि कॅसेट हातात धरता येते.

तो १९८४ चा कायदा मुळात लागूच नव्हता असं ऐकलं, अफवा आहे का?

अफवा नाही! २००९ मध्ये लक्षात आलं की तेव्हाच्या युरोपियन नियमानुसार हा कायदा युरोपियन कमिशनला कळवायला हवा होता आणि तो कळवायचाच राहिला. पंचवीस वर्षं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या त्याखाली कोणावर कारवाईच करता येत नव्हती. २०१० च्या जानेवारीत तोच कायदा घाईघाईत पुन्हा पास करून घेतला, तोपर्यंत नव्या केसेस थांबल्या. ज्या दुकानदारांचे पूर्वी दंड भरून धंदे बसले त्यांना हे वाचून काय वाटलं असेल.

आता पण बंदी घालतात का?

कमी. २०११ मध्ये 'द ह्यूमन सेंटिपीड २' जूनमध्ये साफ नाकारला, बोर्डाने नकाराचं इतकं सविस्तर कारण छापलं की दिग्दर्शक टॉम सिक्सने तक्रार केली की तुम्ही माझ्या पिक्चरची सगळी गोष्टच फोडलीत. ऑक्टोबरमध्ये ३२ कट लावून, एकूण दोन मिनिटं ३७ सेकंद, पास केला. त्या चार महिन्यांत जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी कुठल्या जाहिरातीने मिळाली नसती. आता बोर्डाचा रोख रक्तापेक्षा लैंगिक हिंसेवर आहे, 'अ सर्बियन फिल्म'मधून चार मिनिटांच्या वर गेले ते त्यामुळेच. जुन्या ७२ पैकी बहुतेक पिक्चर मात्र आता स्वच्छ प्रिंटमध्ये, वर मुलाखती वगैरे देऊन, महागड्या डब्यात विकतात.

आपल्याकडे याचा काय संबंध?

जुना संबंध आहे. १९२० मध्ये मुंबईला सेन्सॉर बोर्ड आलं तेव्हा त्याचे नियम ब्रिटिश बोर्डाच्या नियमांवरूनच घेतले होते, म्हणजे आपली कात्री तिकडूनच आलीय. पण व्हिडिओची दहशत आपल्याकडे तशी झाली नाही. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आले, व्हीसीआर दिवसाच्या भाड्याने मिळायला लागले, चाळीत वर्गणी काढून रात्रभरात तीन-चार पिक्चर संपवायचे, आणि त्यात 'इव्हिल डेड' पण असायचा, आजी शेजारी बसून म्हणायची अरे बंद करा रे मेल्यांनो, आणि उठायची मात्र नाही. १९८४ साली ब्रिटन कॅसेटवर कायदा करत होतं त्याच साली आपल्याकडे रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' तुफान चालला, ए सर्टिफिकेट घेऊन.

आपल्याकडे भयपटाला कात्री लागते ती बऱ्याचदा पैशाने. ए सर्टिफिकेटचा पिक्चर टीव्हीवर दाखवता येत नाही (मुंबईतल्या झेवियर्सच्या एका प्राध्यापिकेच्या याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने हे पक्कं केलं), आणि टीव्हीचे हक्क विकले नाहीत तर निर्मात्याचा हिशोब बसत नाही. मग निर्माता स्वतःच येतो की साहेब सांगा किती कापू, पण यूए द्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे झाले, १६ चा टप्पा भयपटवाल्यांच्या कामाचा आहे.

मराठीत अशी रक्तावरून भांडणं झालीत का?

सिनेमात फार नाही, नाटकात झाली, आणि नाटकाला महाराष्ट्रात वेगळं परिनिरीक्षण मंडळ आहे हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. १९७० मध्ये विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' आलं, त्यात गर्भपातानंतर एका पात्राच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. सेन्सॉरने लाल डागाला हरकत घेतली. मग डॉ. श्रीराम लागूंच्या मंडळींनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर करायला सुरुवात केली की सेन्सॉरच्या आदेशानुसार डाग निळा केलाय, प्रेक्षकांनी तो लाल समजावा. जो डाग कदाचित मागच्या रांगेतल्याला दिसला पण नसता, त्याच्याकडे आता अख्खं थिएटर डोळे लावून बसायचं.

म्हणजे तुमचं म्हणणं सेन्सॉर नकोच?

वयाचं सर्टिफिकेट हवं, नक्की हवं, आणि डब्यावर आत काय आहे ते स्पष्ट लिहिलेलं हवं. शूटिंगमध्ये खरोखर कोणाला, माणूस असो जनावर असो, इजा झाली असेल तर तो गुन्हा आहे आणि त्याला कलेचं पांघरूण नको. मुलांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. पण अठरा वर्षांच्या वरच्या माणसाने, जो मत देतो, कर्ज काढतो, लग्न करतो, त्याने खोटं रक्त बघायचं की नाही हे समितीतल्या चार जणांनी ठरवू नये, बास.

माझ्या मुलाने असा पिक्चर चोरून बघितला, काय करू?

आधी ओरडू नका. किती बघितला, कुठल्या भागाची भीती वाटली ते विचारा, आणि हे कसं बनवतात त्याचे मेकअपचे व्हिडिओ ढिगाने आहेत ते सोबत बसून दाखवा. झोप उडाली असेल, एकटा राहायला घाबरत असेल आणि हे बरेच दिवस चाललं तर डॉक्टरांशी बोला. ओटीटीवर पालकांचा पिन टाकायची सोय असते, ती वापरा, आणि पिन म्हणून त्याची जन्मतारीख ठेवू नका.

यातला एखादा बघायचा असेल तर कुठून सुरू करू?

'इव्हिल डेड'पासून, त्यात हसायला पण येतं. मग 'टेक्सस', रात्री नाही, दुपारी बघा, तो दुपारीच जास्त अंगावर येतो कारण त्याचा बराचसा भाग उन्हातलाच आहे. 'ड्रिलर किलर' उत्सुकता म्हणून ठीक. 'कॅनिबल होलोकॉस्ट' प्राण्यांमुळे मी कोणाला सुचवत नाही, बघायचाच असेल तर ब्रिटिश आवृत्ती शोधा. आणि हा सगळा इतिहास एका जागी हवा असेल तर जेक वेस्टची २०१० ची 'व्हिडिओ नॅस्टीज' नावाची डॉक्युमेंटरी आहे, त्यात व्हाइटहाउस बाईंपासून ग्रॅहम ब्राइटपर्यंत सगळे आहेत, कुत्र्यांवाली क्लिप पण आहे.